लिंकनच्या ह्यूची ऑडिओ टूर: हंस जरा कमी हवा होता

आधी निकाल सांगते, बाकीचं नंतर. पाचपैकी चार स्टार. विथमच्या मठाचा भाग आणि तीन राजांचा भाग इतके भारी जमलेत की नुसत्या तेवढ्यासाठी पण घ्यावी ही टूर, आणि जो एक स्टार कापलाय तो जवळजवळ सगळा त्या हंसामुळे. हंसाचं पुढे येईलच.

म्हटलं तर ही इंग्लंडमधल्या लिंकन शहराची ऑडिओ टूर आहे, पण खरं तर शहरापेक्षा एका माणसाची आहे. ह्यू. आयुष्यभर मठात गप्प बसायचं ठरवलेला साधू, जो ११८६ साली इंग्लंडच्या सगळ्यात मोठ्या धर्मप्रांताचा बिशप झाला आणि नंतर संत. फोनवर डाउनलोड करायची, पहिले भाग घरी बसून ऐकले तरी चालतात, पुढचे लिंकनमध्ये फिरता फिरता ऐकायचे. सगळं इंग्लिशमध्ये आहे पण बोलणारी बाई स्पष्ट आणि सावकाश बोलते, ॲक्सेंटचा त्रास नाही. फक्त काही ठिकाणी एवढी कुजबुजते की वाटतं शेजारी कोणी झोपलंय, आणि मागे सतत ते चर्चमधलं गाणं, ते कमी करायचं बटण पण नाही.

पहिला भाग लहानपणाचा. ह्यूचा जन्म ११४० च्या आसपासचा, आजच्या फ्रान्समधल्या ग्रनोबलजवळच्या आवालोनच्या किल्ल्यात, वडील तिथले सरदार. आई वारली तेव्हा हा साधारण आठ वर्षांचा. वडिलांनी सरळ संसारच सोडला आणि पोराला घेऊन विलार-बेन्वाच्या मठात दाखल झाले. म्हणजे या मुलाने बाहेरचं जग असं पाहिलंच नाही म्हणा ना. एकोणिसाव्या वर्षी डीकन (पुरोहिताच्या खालची पायरी) झाला, मग एका छोट्या शाखेचा प्रमुख, आणि मग एकदा ग्रांद शार्त्रूझला गेला आणि तिथलाच झाला.

ग्रांद शार्त्रूझ म्हणजे कार्थुझियन नावाच्या ख्रिस्ती साधूंच्या पंथाचा मूळ मठ, १०८४ मध्ये ब्रूनोने स्थापलेला, डोंगरात पार आत. प्रत्येकाला वेगळी खोली, बोलणं जवळजवळ बंद, मांस वर्ज्य, अंगाला टोचणारा केसांचा सदरा. टूरमध्ये हे सगळं पाचेक मिनिटांत गुंडाळलंय आणि माझ्या मते बरोबरच केलंय, कारण गप्प बसणाऱ्या माणसांबद्दल बोलून बोलून किती बोलणार. एक गोष्ट मात्र नीट सांगितलीय, पुढे ती कामाला येते: ह्यूला तिथे प्रोक्युरेटर केलं होतं, म्हणजे मठाचा पैसाअडका, येणारेजाणारे, जमीनजुमला सगळं त्याच्या हातात. तर हा नुसता जपमाळ ओढणारा नव्हता, हिशोबाला पक्का होता.

आता विथम. हा भाग मी दोनदा ऐकला.

झालं असं की ११७० मध्ये कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये आर्चबिशप बेकेटचा खून झाला, आणि खून करणारे दुसऱ्या हेन्रीचे सरदार होते त्यामुळे बट्टा राजाला लागला. प्रायश्चित्त म्हणून त्याने क्रुसेडला जायचं कबूल केलं, मग ते टळलं, आणि त्याबदली मठ बांधून देतो असं ठरलं. त्यातला एक सॉमरसेटमधल्या विथमला, इंग्लंडमधला पहिला कार्थुझियन मठ. पण राजाचा हात आखडता. पहिला प्रमुख वैतागून परत गेला, दुसरा तिथेच वारला, आणि बांधकामाच्या नावाने बोंब. मग कुणीतरी राजाच्या कानावर ह्यूचं नाव घातलं आणि ११७९ च्या सुमारास हा तिथे पोचला.

पोचल्यावर याने काय केलं ते ऐका. मठासाठी जी जमीन दिली होती तिथे आधीपासून शेतकरी राहत होते, त्यांना हलवायचं होतं. ह्यू म्हणाला, आधी यांचं बघा मग माझं. त्या लोकांना चॉइस दिला, एक तर राजाच्या दुसऱ्या एखाद्या गावी तेवढीच जमीन आणि घर, नाहीतर वेठबिगारीतून कायमची सुटका. एवढ्यावर थांबला नाही, राजाला म्हणाला की त्यांच्या मोडक्या झोपड्यांचे पण पैसे मोजा. राजाने कुरकुर करत मोजले. आणि मग हा म्हणतो, आता ही घरं माझी झाली ना, तर यांचं लाकूडसामान ज्याचं त्याला परत देऊन टाकतो! म्हणजे त्या लोकांना पैसेही मिळाले आणि लाकूडही. प्रकल्पासाठी उठवलेल्या माणसांचं पुनर्वसन हा विषय आपल्याकडे किती जुना आणि किती रखडलेला आहे ते वेगळं सांगायला नको, आणि इथे बाराव्या शतकात एक साधू राजाकडून ते करवून घेतोय, तेही एक दगड रचायच्या आधी. ऐकताना मी चालायची थांबले होते.

विथमचीच अजून एक गोष्ट बायबलची. मठाकडे पुस्तकं नव्हती तर हेन्रीने विंचेस्टरच्या साधूंनी स्वतःसाठी बनवलेलं अप्रतिम बायबल उचललं आणि विथमला भेट देऊन टाकलं, आपण फार उदार असल्याच्या थाटात. ह्यूला पुढे कळलं की हे कुणाच्या कपाटातलं आहे, तर त्याने ते गुपचूप मूळ मालकांना परत केलं, राजाला न कळवता. विंचेस्टर कॅथेड्रलमध्ये आजही जे प्रसिद्ध चित्रांचं बायबल आहे ते हेच असावं असं काही अभ्यासक मानतात. टूरवालीने इथे "असावं" हा शब्द ठेवलाय, त्याचे मार्क.

मग बिशपपदाचा भाग, आणि इथे जरा गडबड आहे. लिंकनचा धर्मप्रांत हंबर नदीपासून थेट थेम्सपर्यंत पसरलेला, आणि ११६६ मध्ये जुना बिशप गेल्यापासून जवळजवळ वीस वर्षं तिथे धड कोणी नव्हतंच. मध्ये कितीतरी वर्षं राजाचा अनौरस मुलगा जेफ्री नावापुरता नेमलेला होता, त्याचा अभिषेकसुद्धा झाला नाही, मग एक जण आला तो वर्षभरात रूआँला मोठ्या पदावर निघून गेला. एवढी वर्षं उत्पन्न कुठे जात होतं हे सांगायला हवं होतं, कारण रिकाम्या धर्मप्रांताचं उत्पन्न राजाच्या खजिन्यात जायचं आणि म्हणून राजांना जागा भरायची घाई नसायची! हे टूरमध्ये कुठेच नाही. ते न सांगता एकदम "आणि मग राजाने या विनम्र साधूची निवड केली" असं गोड वाक्य टाकलंय.

विनम्र वगैरे ठीक आहे पण ह्यूने केलेला पहिला प्रकार बघा. ११८६ मध्ये निवड झाली ती राजाच्या समोर, राजाच्या सांगण्यावरून. हा म्हणाला ही निवडणूक मी मानत नाही, लिंकनच्या पुरोहितांनी आपल्या जागी जाऊन, आपल्या मर्जीने निवडायला हवं. आणि वर माझ्या मठाच्या प्रमुखांची परवानगीही लागेल. पद नको म्हणून नाटक करणारे पुष्कळ असतात हो, पण याने खरंच परत निवडणूक घ्यायला लावली. त्या पुरोहितांनी पुन्हा यालाच निवडलं, बहुतेक हे सगळं बघूनच. २१ सप्टेंबर ११८६ ला वेस्टमिन्स्टरला अभिषेक झाला. आणि बिशप झाल्यावर सुद्धा दरवर्षी काही दिवस विथमला जाऊन साध्या साधूसारखा राहायचा, हे त्याने शेवटपर्यंत सोडलं नाही.

आता तो हंस. लिंकनजवळ स्टो इथे बिशपचा वाडा होता, तिथल्या तळ्यावर ह्यू आला त्या सुमारास एक मोठा रानटी हंस आला, इतर कोणालाही जवळ येऊ द्यायचा नाही पण ह्यूच्या हातून खायचा, त्याच्या बाहीत डोकं खुपसायचा, तो झोपला की राखण करायचा. गोष्ट गोड आहे, त्या काळच्या जेराल्ड ऑफ वेल्सनेही लिहून ठेवलीय, चित्रांत ह्यू हंसामुळेच ओळखता येतो, सगळं मान्य. पण टूरमध्ये हंस सुरुवातीला येतो, मध्ये येतो, प्रत्येक भागाच्या शेवटी पंखांचा फडफड आवाज येतो, आणि एक अख्खा भाग "हंसाच्या नजरेतून" आहे. हंस बोलतो. मी तो भाग अर्ध्यात सोडला. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना आवडेल कदाचित.

माझा राग यासाठी की हंसामुळे ह्यू एकदम मवाळ, प्राणीप्रेमी आजोबा वाटायला लागतो. माणूस तसा नव्हता. तापट होता, हट्टी होता, आणि भयंकर हजरजबाबी. त्याचं सगळं चरित्र आपल्याला कळतं ते मुख्यतः ॲडम नावाच्या आइनशमच्या साधूमुळे, जो शेवटची तीनेक वर्षं त्याचा चॅपलिन, म्हणजे खाजगी पुरोहित, म्हणून सावलीसारखा बरोबर होता, आणि ॲडमने लिहिलेल्या मोठ्या लॅटिन चरित्रात चमत्कारांपेक्षा भांडणंच जास्त लक्षात राहतात.

तीन राजांचा भाग या ॲडमवर उभा आहे आणि म्हणूनच जमलाय. पहिला राजा म्हणजे तोच दुसरा हेन्री. राजाच्या जंगलांचे कायदे म्हणजे गोरगरिबांचा छळ होता, शिकार केली तर सोडाच, लाकूड तोडलं तरी अंगाशी यायचं. ह्यूने बिशप झाल्या झाल्या राजाच्या मुख्य वनाधिकाऱ्यालाच वाळीत टाकलं, चर्चमधून बाहेर. वर राजाने आपल्या एका दरबाऱ्यासाठी लिंकनची एक मलईदार जागा मागितली, तर उत्तर गेलं की या जागा चर्चच्या माणसांसाठी आहेत, दरबाऱ्यांसाठी नाहीत. हेन्री भडकला, वुडस्टॉकला बोलावून घेतलं, आणि सगळ्यांना ताकीद दिली की हा आला की कोणी उठायचं नाही, बोलायचं नाही. ह्यू आला, कोणी हूं की चूं नाही. त्याने राजाशेजारी बसलेल्या सरदाराच्या खांद्याला हात लावून त्याला सरकवलं आणि जाऊन बसला. शांतता. राजाने सुईदोरा मागवला आणि आपल्या बोटाला बांधलेली पट्टी शिवत बसला. ह्यू थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, आत्ता तुम्ही अगदी तुमच्या फालेझच्या नातेवाईकांसारखे दिसताय.

यातली मेख अशी की राजाचा पणजोबा विल्यम द कॉंकरर अनौरस, त्याची आई फालेझ गावची, आणि ते गाव कातडी कमावण्यासाठी प्रसिद्ध. म्हणजे भर दरबारात राजाला चांभाराच्या घरातला म्हटलं की हो याने! आणि हेन्री हसून हसून लोळला, मग स्वतःच बाकीच्यांना जोक समजावून सांगितला. वनाधिकाऱ्याला शेवटी फटके खाऊन माफी मागावी लागली, आणि तो नंतर ह्यूचा मित्र झाला. मला इथे रामशास्त्री प्रभुणे आठवले, फक्त रामशास्त्री हसवत नव्हते. ह्यूची हीच खुबी, आधी नाही म्हणायचं आणि मग समोरच्याला हसवून त्या नाहीतून बाहेर पडायची वाट द्यायची.

दुसरा राजा म्हणजे रिचर्ड, तोच शूर सिंह वगैरे. ११९७ मध्ये त्याला नॉर्मंडीतल्या लढाईसाठी बिशपांकडून सरदार हवे होते, तीनशे, वर्षभर. ऑक्सफर्डच्या सभेत बाकीचे माना डोलावत होते, ह्यू म्हणाला लिंकनचं देणं फक्त इंग्लंडच्या आत लढण्यापुरतं आहे, समुद्रापलीकडे नाही. रिचर्डने जप्तीचा हुकूम काढला पण ह्यूच्या शापाच्या भीतीने कोणी अधिकारी पुढे होईना. मग ११९८ मध्ये हा स्वतः नॉर्मंडीतल्या शातो गेयार किल्ल्यावर राजाला भेटायला गेला. राजा चॅपलमध्ये, तोंड फिरवून बसलेला. ह्यू म्हणाला, मला किस करा महाराज (त्या काळचा भेटीचा रिवाज, उगाच हसू नका). राजा म्हणाला तुमची लायकी नाही. याने राजाचा झगा धरून गदागदा हलवला, म्हणे एवढ्या लांबून आलोय, आहे माझी लायकी. रिचर्डला हसू फुटलं. आणि एवढं मिळाल्यावर गप्प परत जावं ना, तर नाही, त्याला वेदीमागे नेऊन बायकोशी एकनिष्ठ न राहण्यावरून आणि चर्चची पदं पैशावर वाटण्यावरून झापलं.

तिसरा राजा म्हणजे जॉन, आणि याच्यावर जोक चालला नाही. फॉंतेव्रोच्या मठाच्या दारावर शेवटच्या न्यायाचं शिल्प होतं, त्यात नरकात ओढले जाणारे मुकुटधारी राजे ह्यूने त्याला दाखवले. जॉनने त्याला ओढत दुसऱ्या बाजूला नेलं आणि स्वर्गात जाणारे राजे दाखवून म्हणाला, हे दाखवा ना, मी यांच्यासारखा होणार. मग ११९९ च्या ईस्टरला दानात टाकायला दिलेली बारा सोन्याची नाणी हातात खेळवत उभा राहिला, म्हणाला काही दिवसांपूर्वी ही मिळाली असती तर तुम्हाला न देता खिशात टाकली असती. आणि ह्यूचं प्रवचन चालू असताना तीनदा निरोप पाठवला की आवरा, भूक लागलीय. टूरवाल्यांनी जॉनसाठी जो आवाज वापरलाय तो एकदम परफेक्ट, जेवणाची घाई झालेला माणूस.

एक भाग फेकॉंचा आहे तो जेवताना ऐकू नका. तिथल्या मठात मेरी मॅग्डलीनच्या हाताचं हाड म्हणून पुजलं जाणारं एक हाड होतं, ह्यूने कापड उघडून बघितलं, तुकडा निघेना तर सरळ दातांनी तोडला. तिथले साधू किंचाळायला लागले की हा कुत्र्यासारखा चावतोय. याचं उत्तर तयार, थोड्या वेळापूर्वी ख्रिस्ताचं शरीर तोंडात घेतलं ते चालतं, मग संतांचं हाड का नाही. टूरवाली हे "त्या काळची भक्ती" म्हणून पटकन पुढे सरकते. पण मला वाटतं हे थांबून सांगायला हवं, कारण कुष्ठरोग्यांना मिठी मारून मुके घेणारा आणि हाड चावणारा माणूस एकच आहे, आणि दोन्हीत त्याला शरीराची अजिबात किळस नाही. कुष्ठरोग्यांवरून त्याच्या चान्सेलरने टोमणा मारला होता की संत मार्टिनच्या चुंबनाने रोगी बरा झाला होता म्हणे. ह्यू म्हणाला, मार्टिनने रोग्याचं शरीर बरं केलं, इथे रोग्याच्या चुंबनाने माझा आत्मा बरा होतोय.

लिंकनमधल्या चालण्याबद्दल. स्टेशन खाली आणि कॅथेड्रल वर, मध्ये स्टीप हिल नावाची चढण, नाव अगदी खरं आहे. टूर बनवणाऱ्यांनी सगळ्यात जास्त बडबड नेमकी या चढावर ठेवलीय, धाप लागलेली असताना ११८५ च्या भूकंपाने जुनं कॅथेड्रल कसं दुभंगलं ते ऐकायचं म्हणजे शिक्षा आहे. खाली बाकावर बसून ऐकून घ्या आणि मग चढा. ११९२ मध्ये ह्यूने नव्याने बांधायला काढलं आणि स्वतः पाठीवर दगड वाहिले असं सांगतात. आत त्याच्या नावाच्या क्वायरमध्ये (गाणारे बसतात तो भाग) वर बघा, छताच्या कमानींच्या रेषा मधोमध नीट जुळतच नाहीत, तिरक्या तिरक्या पळतात, लोक त्याला वेडं छत म्हणतात. टूरमध्ये इथे छान मोकळी जागा सोडलीय, बघू देतात. पश्चिमेच्या दर्शनी भागावर एका टोकाला ह्यूचा पुतळा आणि दुसऱ्या टोकाला स्टोचा डुकरं राखणारा, ज्याने आपली साठवलेली चांदीची नाणी बांधकामाला दिली म्हणतात. बिशप आणि डुकरं राखणारा एकाच उंचीवर, हे बाहेर पडताना मान वर करून नक्की बघा.

ह्यू १६ नोव्हेंबर १२०० ला लंडनमध्ये गेला, जमिनीवर राखेचा क्रूस काढून त्यावर झोपवलं होतं त्याच्याच सांगण्यावरून. शव लिंकनला आणलं तेव्हा योगायोगाने जॉन राजा आणि स्कॉटलंडचा राजा विल्यम तिथेच होते, आणि खांदा देणाऱ्यांत जॉन पण होता. १२२० मध्ये संत म्हणून घोषणा झाली, कार्थुझियनांमधला पहिलाच. गर्दी एवढी वाढली की त्याने बांधलेला पूर्वेकडचा भाग पाडून एंजल क्वायर बांधावं लागलं, तिथे १२८० मध्ये पहिल्या एडवर्डसमोर त्याचे अवशेष हलवले. मग १५४० मध्ये आठव्या हेन्रीच्या माणसांनी सगळं लुटलं, कॅथेड्रलमधून २,६२१ औंस सोनं आणि ४,२८५ औंस चांदी. आज त्याच्या मस्तकाच्या समाधीचा फक्त पाया दिसतो.

माझी मुख्य तक्रार राहिलीच, हंसापेक्षा मोठी आहे ही खरं तर. ११९० च्या दंगलींत ज्यूंवर जमाव चालून आला तेव्हा ह्यू स्वतः जमावासमोर उभा राहिला, त्याच्या अंत्ययात्रेत लिंकनचे ज्यू रडत चालले होते. हे टूरमध्ये आहे. पण त्याच कॅथेड्रलमध्ये अजून एका ह्यूची जागा आहे, "छोटा संत ह्यू", १२५५ मध्ये मेलेला मुलगा, ज्याच्या खुनाचा खोटा आळ ज्यूंवर घातला गेला आणि १९ जणांना मारलं गेलं. तिथे आता फलक आहे की ती गोष्ट बनावट होती आणि तिने निरपराधांचे जीव घेतले. टूरवाले त्या जागेजवळून तुम्हाला नेतात आणि एक शब्द बोलत नाहीत! नाव एकच असल्यामुळे माझ्यासमोर दोन पर्यटक हाच तो बिशप लहानपणीचा असं समजत होते. आणि ज्या एडवर्डने १२८० मध्ये या संताच्या सोहळ्याला हजेरी लावली त्यानेच १२९० मध्ये इंग्लंडमधून सगळ्या ज्यूंना हाकललं. एवढं जोडून सांगायला दोन मिनिटं लागली असती, हंसाच्या भागातली द्यायची होती.

प्रॅक्टिकल गोष्टी: सगळे भाग आधी वायफायवर डाउनलोड करा, मॅप मात्र नेटशिवाय उघडत नाही. बॅटरी बऱ्यापैकी खातं. बिशपची भाषणं आणि संवाद लिखित स्वरूपात मिळत नाहीत, ते द्या अशी विनंती केलीय. कॅथेड्रलचं तिकीट यात धरलेलं नाही, ते वेगळं. १७ नोव्हेंबरला ह्यूचा सण असतो, त्या सुमारास गेलात तर जाड कोट न्या, वरच्या चौकात वारा भयानक असतो. आणि हंसाचा भाग स्किप करायला स्क्रीनवर उजवीकडचा डबल बाण, एकदा दाबून भागत नाही, दोनदा दाबा.